बटणांचं दुकान

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी बावीस वर्षांपूर्वी एका मासिकात परदेशातल्या बटणांच्या दुकानाचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून त्या दुकानाने त्यांच्या मनात घर केलं. यंदा त्या लेकीकडे त्याच शहरात गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "राजवाडे, बागा नंतर बघू. आधी मला तिथे ने."

दुकान चिंचोळं होतं, पण जमिनीपासून छतापर्यंत नुसते खण, आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना लावलेला. शिंपल्याची, लाकडाची, काचेची बटणं. मावशींना कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. तासाभराने लेक म्हणाली, "आई, काही घेणार आहेस, की मुक्कामच ठोकायचाय?"

"थांब गं." मावशींची नजर आता म्हाताऱ्या दुकानदाराच्या कोटावर खिळली होती. मधलं बटण एका धाग्यावर लोंबकळत होतं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना म्हणावं, कोट काढून द्या."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिने सांगितलं. दुकानदाराने खाली पाहिलं आणि तो हसतच सुटला. मावशींनी पर्समधून सुईदोरा काढून उभ्या उभ्याच बटण पक्कं केलं.

त्याने कोट उलटसुलट करून टाके निरखले आणि तो लेकीशी काहीतरी बोलला.

"ते म्हणतायत, मागच्या खोलीत त्यांच्या आजोबांच्या वेळची बटणं आहेत. गिऱ्हाइकांना ती दाखवत नाहीत, पण तुला बघायची असतील तर..."

लेकीचं वाक्य पुरं होईपर्यंत मावशी आत पोचल्यासुद्धा होत्या.