दांड्या आल्या, पण कुणाच्या

जहाजावरच्या आचाऱ्याच्या बायकोने बसचालकाच्या नोकरीसाठी परीक्षा दिली होती. निकाल काय लागला हे त्याला कळलंच नव्हतं, कारण ऐन त्याच वेळी जहाजाचा सॅटेलाइट फोन बिघडला आणि चहूकडे नुसतं पाणी. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मग एका सकाळी जमीन दिसली. त्या परक्या देशाच्या बंदरात शिरायचं नव्हतं, वळसा घालून पुढे जायचं होतं. पण किनारा आला म्हणजे टॉवर आला. सगळे हातातली कामं टाकून कठड्याशी जमले. इंजिनियरच्या फोनवर लगेच सिग्नलच्या दांड्या उमटल्या. आचाऱ्याचा फोन मात्र ढिम्म.

इंजिनियरने तो उलटसुलट करून पाहिला. सिमवर रोमिंग चालू होतं, पण इथल्या टॉवरच्या लहरी पकडणं त्या फोनला जमतच नव्हतं. इंजिनियरच्या स्वतःच्या सिममधले पैसे संपले होते, म्हणून त्याने आपला फोन पुढे केला, आचाऱ्याचं सिम त्यात घातलं. तर तो फोन ज्या परदेशी कंपनीने विकला, तिने तो कुलूपबंद केलेला, दुसऱ्या कंपनीचं सिम घेईचना. इकडे किनारा मागे सरकू लागला.

तेवढ्यात जहाजाच्या रंगाऱ्याने खिशातून बटणांचा जुना फोन काढला. तो कुठल्या बंदरात घेतला, हे आता त्यालाही आठवत नव्हतं. त्याच्या मोठ्या खाचेत आचाऱ्याचं इवलंसं सिम खुळखुळायला लागलं. रंगाऱ्याने चिकटपट्टी लावून ते जागेवर बसवलं, आणि दांड्या आल्या. आचाऱ्याने घाईघाईत नंबर चुकवला, पुन्हा लावला. फोन मेव्हणीने उचलला.

"ताईला दे," तो म्हणाला.

"आत्ता नाही देता येणार, भाऊजी. ताई बस चालवतेय. पहिलाच दिवस आहे, आम्ही सगळे मागे बसलोय. आईनेसुद्धा तिकीट काढलंय."

आचाऱ्याने वळून कठड्यावरच्यांना "चालवतेय" एवढंच सांगितलं, आणि त्याच्या पाठीवर थापा पडू लागल्या.

पुढच्या स्टॉपवर बायकोने फोन घेतला. बोलायचं ढीगभर होतं, पण त्याच्या तोंडून निघालं, "स्टिअरिंग जड आहे का गं?"

"जड आहे, पण तुमच्यापेक्षा लवकर ऐकतं."

मागे कुणीतरी बस कधी सुटणार म्हणून कुरकुरत होतं. लोक खोळंबलेत असं सांगून तिने फोन ठेवला.

रंगाऱ्याला फोन परत करताना आचाऱ्याने सगळ्यांनाच विचारलं, आज जेवायला काय करू. प्रत्येकाने वेगळंच काहीतरी सांगितलं. त्याने ते सगळं केलं.