पहिल्या आग्रहाला होकार

इराणमधल्या कर्मानशाहच्या तुरुंगातून सुटणारा माणूस आतलं काही बाहेर आणत नाही. चपला, कांबळं, कंगवा, सगळं बराकीत वाटून टाकायचं. आतली एक काडी जरी बरोबर आली तरी ती माणसाला ओढून परत नेते म्हणतात. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई एचआयव्हीच्या गोळ्या आणि चिठ्ठ्या आत पाठवून थकल्या. सुटताना गोळ्या-चिठ्ठ्या नेमक्या बराकीतच राहायच्या. का, ते बाईंना नुसरत नावाच्या जुन्या कैद्याने सांगितलं. तो स्वतः दोनदा असाच रिकाम्या हाताने सुटला होता. तरी परत एकदा आत गेलाच होता, ते सोडा. तेव्हापासून सुटणाऱ्याला फाटकाबाहेरच गाठून दवाखान्यात आणायचं काम त्याच्याकडे आलं.

आज गुरुवार. दवाखाना एकला बंद होणार, तो शुक्रवारची सुट्टी संपवून शनिवारी उघडणार. नुसरतला गुरुवारची धास्ती होती. वर्षापूर्वी अशाच एका गुरुवारी बहादुर सुटला, तेव्हा त्याचे भाऊबंद फुलं घेऊन आले होते. त्यांच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून नुसरत "शनिवारी ये" म्हणत बाजूला झाला. आत राहून अंग गर्द विसरतं, माणूस माप विसरत नाही. बहादुरने शुक्रवारी जुन्याच मापाने टोचून घेतलं आणि शनिवारी नुसरतला त्याच्या मयताला जावं लागलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. नुसती भिकेची असती तर परवडलं असतं.

बाराच्या सुमाराला आज सुटणारा कियूमर्स बाहेर आला. हात रिकामे.

"गोळ्या?" नुसरतने हळूच विचारलं.

"दिल्या ठेवून. परत यायचंय का मला इथं?"

"आणि सकाळचं मेथाडोन?"

"सुटकेच्या गडबडीत कोण देतंय?" गर्दची तलफ मारणारं ते औषध न मिळाल्याने कियूमर्सचं नाक आत्ताच गळायला लागलं होतं. "शनिवारी नक्की येतो, आगा नुसरत. आबजी न्यायला आलीय. तिला गर्दचं माहीत आहे, दुसऱ्या दुखण्याचं नाही."

त्याची थोरली बहीण फरंगीस मोटारीपाशी उभी होती. भावाचे मुके घेऊन, रडून झाल्यावर ती रीतीप्रमाणे नुसरतकडे वळली.

"आगा, तुम्ही याची फार काळजी घेतलीत. चला ना घरी, दोन घास आमच्याबरोबर खा."

अशा आमंत्रणाला तीनदा नाही म्हणायचं असतं, हे बोलावणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. पंचावन्न वर्षांत नुसरतने ही रीत कधी मोडली नव्हती.

"चला," तो म्हणाला आणि पुढचं दार उघडून आत बसला.

फरंगीसच्या भुवया वर गेल्या. कियूमर्स मागे बसता बसता म्हणाला, "लाज कुठं ठेवून आलात, आगा?"

"बराकीत वाटून टाकली. आबजी, वाटेत पाच मिनिटं दवाखान्यात थांबू या. माझं काम आहे, यालाही आत नेतो."

पाहुण्याने मागितलेली पाच मिनिटं नाकारणारं घर त्या गावात नाही. फरंगीसने मोटार वळवली.

एकला दहा कमी असताना कियूमर्सने नर्ससमोर मेथाडोन घेतलं, शुक्रवारचं एका बाटलीत मिळालं. महिन्याच्या गोळ्यांची नवी हिरवी पिशवी नुसरतने त्याच्यापुढे धरली. वेळेत पोचल्याने नुसरतला इतकं हलकं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

"ही बाहेरची आहे. हिला आतली वाट माहीत नाही."

"घरी कुठं लपवू? तुमच्याकडेच ठेवा, मी येऊन खात जाईन."

दुसऱ्याच्या घरची गोळी कुणी रोज गिळत नाही. नुसरतला हे पक्कं ठाऊक होतं, तरी सक्ती करून भागणार नव्हतं. तो पिशवी घेऊन मोटारीत बसला.

फरंगीसने थर्मासमधला चहा एकुलत्या एका पेल्यात ओतून त्याला दिला. दातांत साखरेचा खडा धरून त्याने तो संपवला.

"पिशवीत काय हो?" तिने सहज विचारलं.

मागे कियूमर्स सीटवर पुढे सरकला.

"औषधं," नुसरत म्हणाला. पिशवी कुणाची ते त्याने सांगितलं नाही. "मला एचआयव्ही आहे, आबजी. अकरा वर्षं झाली. रोज गोळी घेतो, आणि बघताय ना, लोकांकडे न लाजता जेवायला जातो."

त्याने रिकामा पेला परत केला. फरंगीस काही वेळ तो हातात धरून बसली. नुसरतने नजर खिडकीबाहेर वळवली. अशा वेळी समोरच्याकडे पाहू नये, हे तो अकरा वर्षांत शिकला होता. मग चहा ओतल्याचा आवाज आला. तिने पेला विसळला नाही, पुसलाही नाही. खडा दातांत धरला आणि प्यायली.

"गार झालाय," ती म्हणाली. "घरी ताजा करते. मेंढा कापलाय, कमी खाल्लंत तर बघा."

मागच्या सीटवरून एक हात पुढे आला आणि त्याने नुसरतच्या मांडीवरची पिशवी उचलली.

"आबजी, ही माझी आहे."

फरंगीसने आरशातून भावाकडे पाहिलं. मग डोळे पुसून तिने मोटार चालू केली.

"मग नीट धर," ती म्हणाली. "वळणावर सांडेल."