साहेबांना आवडलेलं भाषण

ऑफिसात मला 'साहेबांची जीभ' म्हणतात. म्हणू देत. टाळ्या त्यांच्या, भाषणं लिहून पाठदुखी माझी.

मोठ्या निर्णयाआधी आमच्याकडे दोन भाषणं तयार ठेवायची पद्धत आहे. या वेळी एक होतं जुना कारखाना चालू ठेवण्याचं, दुसरं तो बंद करण्याचं. संचालकांत दोन तट पडले होते, शेवटचा शब्द साहेबांचा. आणि माझा दादा त्याच कारखान्यात भट्टीवर होता. उभी हयात तिथेच गेली त्याची.

चालू ठेवण्याचं भाषण मी हां हां म्हणता उरकलं. आनंदाची बातमी काय, कशीही वाचली तरी गोडच लागते. दुसऱ्यात मात्र जीव ओतला. वेळ आलीच, तर निदान दादाच्या तोंडावर कुणी नफ्यातोट्याची गणितं फेकू नयेत, एवढंच मनात होतं. भट्टीपुढे करपलेले हात, घरी आल्यावरही कानात घुमणारी घरघर, सगळं त्याचंच लिहिलं.

सकाळी साहेबांच्या खोलीत तालीम झाली. पहिलं भाषण त्यांनी चहा पीत वाचलं. दुसरं वाचताना उठून उभे राहिले. अर्ध्यावर थांबून तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "बंद करावा असं कधीपासून मनात होतं, पण त्या लोकांसमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती. आज झाली. हेच वाचू."

मला वाटलं, थट्टा करताहेत. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"साहेब, पहिलं मी घाईत लिहिलंय. आत्ता सुधारून देते."

"नको. याच्यापुढे ते अगदीच मिळमिळीत आहे."

"माझा भाऊ आहे हो तिथे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तरीच!" साहेब म्हणाले. "तरीच इतकं खरं उतरलंय."

दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणारी मी, तोंड उघडं टाकून बघत राहिले.

दुपारी कारखान्याच्या आवारात ते तेच भाषण पाठ करून, हातात कागद न घेता बोलले. चिडून आलेली माणसं माना खाली घालून ऐकत होती. कुणी घोषणासुद्धा दिली नाही. गर्दी पांगल्यावर दादा डोळे पुसत माझ्याकडे आला.

"संपलं गं सगळं," तो म्हणाला. "पण माणूस वाईट नाही तुझा साहेब. आज तुझा कागदबिगद काही नव्हता बघ. मनातलं बोलला."

मी 'हो' म्हणून मान हलवली.