कानावर खोचलेली विडी

विमानाच्या पंखावर बोटाची टिचकी पडली की ‘ठम्’ असा जो आवाज येई, तो आजही डोळे मिटले की मला ऐकू येतो. आमच्या फ्लाइंग क्लबची दोन्ही जुनी विमाने कापडी पंखांची होती. ताणलेल्या कापडावर रोगणाचे हात चढवून ते पखवाजाच्या पुडीसारखे घट्ट केलेले. भंवरजी सकाळी हँगरमध्ये शिरत तेव्हा पत्र्याच्या भोकांतून उतरलेल्या उन्हाच्या काड्या फरशीवर टेकलेल्या असत. त्या अंगावर झेलत ते एकेका पंखापाशी जात, मान किंचित कलती करून टिचकी मारीत आणि अर्धमिटल्या डोळ्यांनी ऐकत राहत. नाद मनाजोगता आला की मिशीला पीळ. नाही आला तर थेट विमानालाच एक अस्सल जयपुरी शिवी. आणि उजव्या कानावर, पिकू लागलेल्या केसांत खोचलेली एक विडी.

त्या विडीविषयीच मला लिहायचे आहे. ती कधीही पेटलेली नव्हती.

विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन मी सांगलीहून जयपूरला आलो, मानसरोवर वसाहतीत घर केले आणि इथलाच झालो. शहराबाहेरच्या त्या लहानशा धावपट्टीवर रविवारी विमान शिकायला जाऊ लागलो, तेव्हा क्लबचे इंजिनिअर असलेल्या भंवरजींनी माझ्याकडे आपादमस्तक पाहून विचारले होते, “बीमेवाले हो? मतलब मरने का इंतजाम घर से करके आए हो!” शेजारी उभे असलेले कॅप्टनसाहेब, आम्हाला उड्डाण शिकवणारे निवृत्त वैमानिक, इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. त्या हसण्यातूनच आमची तिघांची मैत्री सुरू झाली. संक्रांतीला आम्ही सगळे आमेरला भंवरजींच्या गच्चीवर जमत असू. खाली तिळाचे लाडू आणि डाळीची पकोडी, वर पतंगांनी गजबजलेले निळे आकाश. आणि आकाशात विमाने नेणाऱ्या आम्हा शूरांचे पतंग भंवरजींची पत्नी घुंघट न ढळू देता एकामागून एक कापून टाकी. मुलगी सरिता मांजाची चरखी धरून उभी असे. “काट दिया बीमा!” असा भंवरजींचा पुकारा किल्ल्याच्या भिंतीपर्यंत जाई.

विडी त्यांनी हँगरमध्ये पहिले पाऊल टाकले त्याच दिवशी सोडली होती. तरी रोज एक नवी विडी कानावर असायची. असे का, म्हणून मी एकदा विचारले. म्हणाले, “दुश्मन नजर के सामने रहे तो अच्छा.” संध्याकाळी घरी निघताना ती चुरगळून बाभळीखाली टाकीत. त्यात किती गर्व होता आणि किती तपश्चर्या, हे मला कधी उमगले नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. पेट्रोल डब्यातून मऊ कातड्याच्या गाळणीवर ओतले की त्या प्रवाहात वीज साठत जाते, आणि जयपूरच्या कोरड्या ज्येष्ठात पेट्रोलच्या वाफेला तिची एक ठिणगी पुरते. म्हणून ओतण्याआधी विमानाला तारेचा चिमटा लावायचा. त्या तारेचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या लोखंडी कांबीला बांधलेले, म्हणजे वीज जमिनीत उतरून जाई. ओतणारा विचारी, “जमीन?” चिमटा लावणारा सांगे, “पकड ली.” आणि ओतणाऱ्याने वळून पाहायचे नाही. वळून पाहणे म्हणजे जोडीदाराच्या शब्दाचा अपमान, असे भंवरजी मानीत. आम्हीही मानत असू. त्या न वळलेल्या पाठीवर आमचा सगळा स्नेह उभा होता.

त्या दुपारी पश्चिमेचे आकाश मातीच्या रंगाचे झाले. मोर एकाएकी गप्प झाले. धुळीची आँधी येत होती. एरवी पेट्रोल बाहेर उघड्यावर भरत. पण आँधी ओसरताच कॅप्टनसाहेबांना उडायचे होते, म्हणून विमान आत ओढून टाकी तिथेच भरायची ठरली. घाई माझीच होती, कारण मागच्या जागेवर बसून मी जाणार होतो. भंवरजी शिडीवर चढले, माझ्याकडे पाठ करून. मी हँगरचा पत्र्याचा दरवाजा खांद्याने रेटून धरला होता. वारा त्याला उखडू पाहत होता. चिमटा समोरच्या भिंतीवर, खिळ्याला लटकत होता.

“जमीन?” भंवरजींनी विचारले.

दरवाजा लावायचा, दोन ढांगांत भिंत गाठायची, चिमटा लावायचा, असे माझ्या मनात पक्के होते. मी उत्तर आधी दिले. काम नंतर करणार होतो.

“पकड ली.”

ते वळले नाहीत.

आधी एक बारीकशी निळी ठिणगी तडतडली, मग श्वास ओढल्यासारखा आवाज, आणि मग उजेड. ताणलेले कापड कागदासारखे पेटले. भंवरजी शिडीवरून पडले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर ज्वाळा होत्या. तशाच हातांनी त्यांनी दुसरे विमान ढकलायचा प्रयत्न केला आणि ते हलेना तेव्हा मला दरवाजाबाहेर ढकलले. बाहेर आँधी, आत आग. दोन्ही विमानांचे सांगाडे संध्याकाळपर्यंत तांबडे दिसत होते.

चौकशीला क्लबचेच चार सभासद बसले. भंवरजी इस्पितळात होते. मला विचारले, “त्यांच्याजवळ विडी होती?”

मी म्हणालो, “कानावर होती.”

हँगरमध्ये मी बोललो ते खोटे होते. इथे बोललो ते खरे होते, आणि अधिक नीच होते. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. भंवरजींना काढून टाकले. दुर्गापुऱ्यात त्यांनी कूलर दुरुस्तीचे दुकान टाकले. संक्रांती थांबल्या. नव्या हँगरमध्ये कुणी खिशात काडेपेटी चाचपली की कॅप्टनसाहेब ओरडत, “अरे, भंवर मत बन!” सगळे हसत. मीही हसत असे. मी एकदा दुकानापर्यंत गेलो होतो. ते काउंटरवर वाकले होते, हातांवरची कातडी वितळून गोठलेल्या मेणासारखी दिसत होती. मी रस्त्याच्या पलीकडूनच परतलो.

गेल्या हिवाळ्यात भंवरजी वारले. तिसऱ्या दिवशी आमेरला दुखवट्याची बैठक होती. पांढऱ्या चादरीवर माणसे मुकाट बसली होती, समोर हार घातलेले छायाचित्र. ते मी ओळखले. हँगरच्या दारात मीच काढलेले होते. पण काहीतरी उणे होते. उजवा कान विलक्षण मोकळा, स्वच्छ दिसत होता. घरच्यांनी स्टुडिओत सांगून विडी पुसून घेतली होती.

बैठकीत कुणी बोलत नसते. फुले वाहायची, हात जोडायचे, निघायचे. मी छायाचित्रापाशी गेलो, आणि सरिता हात जोडून उभी होती तिच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. चिमटा खिळ्यावरच होता, हे सांगितले. तरी मी ‘पकड ली’ म्हणालो, हे सांगितले. विडी पेटलेली नव्हती, हे सांगितले.

कॅप्टनसाहेब काठी टेकत उठले. “देवधर,” ते म्हणाले, “तुम तो हमारे साथ हँसते भी थे.” मग ते छायाचित्राकडे वळले, हात जोडले, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

सरिता रडली नाही, रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, “अंकल, उस आग के बाद घर में कूलर का प्लग भी लगता, तो पापा पूछते थे, जमीन? हम कहते, पकड ली. फिर भी हर बार खुद उठकर देखने जाते थे. हम हँसते थे उन पर.”

म्हणजे त्यांना ठाऊक होते. जळत्या हँगरमध्ये, मला बाहेर ढकलताना, त्यांनी खिळ्यावर लटकणारा तो चिमटा पाहिला असणार. त्यांनी माझे नाव कुणाला सांगितले नाही. फक्त त्यानंतर आयुष्यभर ते वळून पाहत राहिले. नोकरी गेली, हात गेले, याचा हिशेब कुणीतरी मांडू शकेल. पण एका माणसाची न वळणारी पाठ मी जाळली, तिचा कसा मांडावा?

काळ आग विझवतो, राख वारा नेतो, छायाचित्रातली विडीसुद्धा पुसता येते. माणूस गेला की त्याची जागा रिकामी राहते, असे म्हणतात. मला ती रिकामी दिसत नाही. तिथे भंवरजी शिडीवर पाठमोरे उभे आहेत, हातात डबा, कानावर विडी, आणि वळून न पाहता ते अजून माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत.