गेमचं सुतक

फ्लेक्सवर असं छापलं होतं:

योगेंद्र वना पाटील, राहणार जळगाव, यांचा पूलचा गेम अकरा वर्षांचा होऊन गेला. दारावर बसायला येणाऱ्यांनी संध्याकाळी सहा ते आठ यावे. ठिकाण: सुभाषचंदजींचं पूल पार्लर, तळमजला. चपला बाहेर.

योगेंद्र म्हणजे मी. फोटोत मी हसतोय. हार टाकू का, असं फ्लेक्सवाल्याने विचारलं, तेव्हा फुई, म्हणजे माझी आत्या, म्हणाली, माणूस जिवंत आहे, हार काठीला टाक. म्हणून फोटोत माझ्या हातातल्या क्यूला झेंडूचा हार आहे.

त्याआधी

त्याआधी तेवीस दिवस मला एकही बॉल पॉकेटात घालता आला नव्हता. मी ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. सुटलो की रोज सहाला टेबलावर. अकरा वर्षं. आता मी खडू बदलला, बूट बदलले, दोन दिवस डाव्या हाताने खेळलो, दोन दिवस खेळलोच नाही. माझी बायको मेघा म्हणाली, तू कूस बदलतोस तीही चुकते.

आणि धुळ्याची टीम यायला पंधरा दिवस होते. ते दरवर्षी येतात, पाच जण. शेवटचा गेम माझा आणि झुलालनानांचा असतो. नऊ वर्षांत सात वेळा मी हरलोय. पण तो गेम माझा आहे. बाकी माझ्या नावावर काही नाही.

मी जेवत नाही हे कळल्यावर चोपड्याहून फुई आली. वडिलांची बहीण, प्रमिलाबाई. ती आठवड्याला दोन-तीन गावांत कोणा ना कोणाच्या दारावर बसून येते. कोणी गेलं की तिचं नाव आधी. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, कोण कोण आलं होतं बसायला? मी म्हणालो, कोणीच नाही. गेमसाठी कोण येतं?

तिला तिथेच दुखणं सापडलं. वादळात केळी आडवी झाली तेव्हा चाळीस माणसं येऊन बसली होती, म्हणून तिचा भाया, म्हणजे थोरला दीर, दहाव्या दिवशी उठून शेतात गेला. वना, म्हणजे माझे वडील, यांची नोकरी गेली तेव्हा कोणी आलं नाही, आणि ते एकोणीस वर्षं खिडकीत बसून राहिले.

"रडी ले भाऊ," ती म्हणाली. "दहा दिनमा बठ्ठं मोकयं व्हई जाई." सगळं मोकळं व्हावं म्हणून तिने गेमचं दहा दिवसांचं सुतक धरायचं ठरवलं.

दिवस पहिला

सतरंजी घरी टाकायची की पार्लरमध्ये, यावर चर्चा झाली. गेलं ते तिकडे गेलंय, असं फुईचं मत पडलं. सुभाषचंदजींनी हरकत घेतली नाही. त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी उठावणा करून मोकळे होतात, दहा दिवस त्यांना जरा लांब वाटले. तीन नंबरच्या टेबलाला अडचण नको, एवढंच ते म्हणाले.

अकरा माणसं आली. डोक्यावर रुमाल टाकून बसली. मग एकाने विचारलं, कसं झालं? मी सांगितलं: निळा बॉल, कोपऱ्याचं पॉकेट, तोंडाला लागून परत आला. माणसांनी माना हलवल्या. मग एकेक जण माझ्या गेमबद्दल बोलू लागला.

शिरपूरच्या एका माणसाने माझा २०१९चा शॉट सांगितला, दोन कडा घेऊन मारलेला. बायका रडल्या. तो शॉट याच पार्लरमध्ये खेळणाऱ्या पुनीतचा होता. मी खाली बघत राहिलो.

दिवस दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा

तेच. गर्दी जास्त. शॉट वाढत गेले.

दिवस सहावा

सुतकात खेळायला हरकत नव्हती, पण बॉल पॉकेटात जाणं म्हणजे सणासारखं, ते चालणार नव्हतं. मला ते जड नव्हतं.

साडेपाचला पार्लर रिकामं होतं. मी उगाच पिवळा मारला. गेला. लाल मारला. गेला. सात गेले, ओळीने. मी आठव्यासाठी वाकलो आणि बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. मी पॉकेटात हात घालून सातही बॉल काढले आणि जिथे होते तिथे ठेवले. चोपड्याहून जीप आली होती, चौदा माणसं. एका म्हातारीने माझा हात धरला आणि म्हणाली, किती गार पडलाय.

दिवस सातवा

फुईने ठरवलं की क्यू वारसाकडे गेला पाहिजे. वारस म्हणजे पुनीत, सुभाषचंदजींचा पुतण्या. दहावा दिवस सोमवारी होता आणि धुळ्याची टीम रविवारी, म्हणून क्यू रविवारीच द्यायचा. शेवटचा गेम पुनीत खेळेल.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या कारखान्याचे साहेब आत आले, रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, असा हात पुन्हा होणे नाही. अकरा वर्षांत ते माझ्याशी नळ्यांशिवाय काही बोलले नव्हते. मी तोंड मिटलं.

दिवस आठवा

गेम परत आलाय, हे मेघाला सांगितलं. ती म्हणाली, मग सांग की सगळ्यांना. मी म्हणालो, सांगतो, फक्त आज जे पारोळ्याहून येणारेत ते बसून जाऊ देत.

दिवस नववा, रविवार

धुळ्याचे पाचही आले. झुलालनाना एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. गेम चालू असताना ते समोरच्याला कधी चांगलं बोलत नाहीत. ते सतरंजीवर बसले.

"इकडे येताना पारोळ्यापासून माझ्या पोटात गोळा यायचा," ते म्हणाले. "याच्यामुळे. आता कशाला यायचं?"

आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. हे एक वाक्य ऐकायला मी धुळ्यापर्यंत पायी गेलो असतो.

मग फुईने काळा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटाच्या अगदी तोंडाशी ठेवला. शेवटचा एक मार, चुकव, आणि क्यू पुनीतला दे. पुनीत केस कापून, नवा शर्ट घालून उभा होता. सगळ्यांनी हात जोडले.

चुकवणं अवघड नव्हतं. नऊ दिवसांत मला उत्तम चुकता येऊ लागलं होतं. मी वाकलो. नाना अजून डोळे पुसत होते. चुकलो असतो तर मी जन्मभर त्यांच्या पोटातला गोळा राहिलो असतो, आणि आजचा गेम पुनीत खेळला असता.

मला गेम हवा होता. मी मारला.

काळा आत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जोडलेले हात तसेच राहिले.

"दहावा तरी होऊ द्यायचा होतास," फुई म्हणाली. ती खरंच दुखावली होती. उद्याच्या जेवणाला तिने दोनशे माणसं सांगितली होती.

"म्हणजे मी नाही खेळायचं?" पुनीतने हळूच विचारलं.

झुलालनानांनी रुमाल डोक्यावरून काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "तसाही तिरक्या बॉलला तुझा कट जाडच लागायचा," ते म्हणाले. "ब्रेक माझा."

सुरुवातीचे बॉल फोडतानाच त्यांचे दोन गेले. माझी पाळी आली, मी तीन घातले. चौथा सरळ होता, मधल्या पॉकेटाचा. चुकलो. सतरंजीवरची माणसं बघत होती. कोणी उसासा टाकला नाही. मागून कोणीतरी विचारलं, इथे जवळपास चहा कुठे मिळेल?