हाडासकट

आमच्या घरात स्वयंपाकावरून भांडण झालं ते बाप-लेकांत, आणि तेही कुत्र्यांच्या जेवणावरून. कुणाला सांगितलं तर हसतील. सुरुवातीला मीही हसलेच होते.

माझे बाबा कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. अख्ख्या शिफ्टला जेवू घालायचे, आणि आपल्या हातून कुणाच्या ताटात कधी कच्चं गेलं नाही, याचा त्यांना भारी तोरा. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात तेवढा थरथरत राहिला. एकदा स्वयंपाक करताना उकळतं पाणी पायावर सांडून घेतलं, तेव्हा मी म्हटलं, बाबा, आता बस्स झालं. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते, दिवसभर वाफेतच उभी असते, घरची आणखी थोडी वाफ मला जड नाही. तर हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपला तो उठेचना. दाढी नाही, अंघोळ नाही. डॉक्टर म्हणाले, यांना काहीतरी काम द्या. मग आमचा तह झाला. माणसांचं मी शिजवायचं आणि कुत्र्यांचं बाबांनी.

कुत्री दोन. भुरी म्हातारी, बाबांच्या पायाशी पडून असायची. ढब्बू तरणा आणि नावाप्रमाणेच. दोघांसाठी बाबा छोट्या पातेल्यात भात आणि खिमा शिजवायचे. त्यात मीठ नाही की मसाला नाही, तरी चव बघितल्याशिवाय वाढायचे नाहीत. मी म्हणायचे, काय हो, कुत्री तक्रार करतात की काय? तर म्हणायचे, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पातेलं हातात आलं आणि बाबा उठून बसले, दाढी करायला लागले. त्या पातेल्यानं माझा बाप मला परत दिला, हे मी कुणापुढेही सांगेन.

आता धाकट्याचं ऐका. माझा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. जीव लावणारा आहे, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघत नाही. भुरीला खाजेनं हैराण केलं होतं, कानामागची कातडी सोलून निघाली होती. धाकट्याला कुठलंतरी गिऱ्हाईक भेटलं, त्याची कुत्री म्हणे कच्चं मांस खातात आणि आरशासारखी चमकतात. झालं! महाशय जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल. आठवड्याभरात कुणाचातरी मोडका डीप फ्रीजर दुरुस्त करून घरी घेऊन आला आणि बाहेरच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनच्या जागी बसवला. कोंबडीच्या माना, पाठीची हाडं, काळीज, सगळं तोलून डब्यांत भरायचं, गोठवायचं, आणि लागेल तसं काढून तसंच कच्चं वाढायचं.

"बाबा, कुत्र्यांचे पूर्वज काय गॅस पेटवत होते का?" धाकटा म्हणाला.

"तुझे पूर्वज झाडावर राहायचे," बाबा म्हणाले. "चढ जा."

मी पोट धरून हसले. पण बाबांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं. धाकट्यानं ते छोटं पातेलं घासून माळ्यावर टाकलं होतं.

खोटं कशाला बोलू, भुरीची खाज कमी झाली. ढब्बू तर कच्च्या मांसावर तुटूनच पडायचा. भुरीनं मात्र पहिले काही दिवस वाडग्याला तोंड लावलं नाही. हुंगायची आणि बाबांकडे बघत बसायची. सकाळ-संध्याकाळ धाकटा तिला हातानं भरवायचा. दुपारी आम्ही दोघं कामावर, म्हणून दुपारचं बाबांवर सोपवलं होतं. फ्रिजमध्ये काढून ठेवलेला डबा उघडायचा आणि वाडग्यांत ओतायचा, एवढंच.

"आणि गॅसला हात लावायचा नाही," धाकट्यानं बजावलं.

का नाही, ते त्यानं मला सांगितलं होतं. कच्चं हाड दाताखाली चुरतं, शिजवलेलं ठिसूळ होतं, काचेसारखं तुटतं आणि आतडं फाडतं. मला अगदी रंगवून सांगितलं. बाबांना सांगितलंच नाही. बाबांशी त्याचं बोलणं म्हणजे हुकूम सोडायचा आणि चपला घालून चालू पडायचं. बाबांना वाटलं, पोरगं आपल्या थरथरत्या हाताबद्दल बोलतंय. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

थोड्या दिवसांत भुरी दुपारचं वाडगं चाटूनपुसून संपवायला लागली. धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. "बघ ताई, लागली ना गोडी!" बाबांनी भुरीच्या पाठीवरून हात फिरवला. मीही म्हटलं, चला, एक कटकट मिटली.

मग एका रविवारी सकाळी भुरी उठलीच नाही. पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी राहायची, परत बसायची, कण्हायची. पोट दगडासारखं. उलटीत रक्त पडलं. धाकट्यानं तिला चादरीत गुंडाळलं, गाडीतली हत्यारं बाहेर फेकली आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाबांना यायचं होतं. धाकटा म्हणाला, तुमचं तिथं काय काम? तेवढं एक वाक्य त्यानं गिळायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, पोट उघडलं आणि फार वेळ लावला नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्यात हाडाची कपची होती, नखाएवढी, सुईसारख्या टोकाची.

"आतडं दोन ठिकाणी फाटलंय, विष सगळीकडे पसरलंय. नाही वाचली," त्या म्हणाल्या. "शिजवलेलं हाड कुणी घातलं?"

"आमच्याकडे शिजवतच नाही," धाकटा म्हणाला. "सगळं कच्चं असतं."

"हे शिजवलेलंच आहे."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दुपारचं चाटूनपुसून साफ केलेलं वाडगं दोघांनाही एकदमच आठवलं असणार. तिथल्या बाकावर धाकटा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

गाडीत तो म्हणाला, "ताई, बाबांना सांगायचं नाही."

"का? मग तिला काय झालं म्हणून सांगणार?"

"काहीही. त्यांना कळलं तर ते परत भिंतीकडे तोंड करून झोपतील. आणि या वेळी उठायचे नाहीत. शिजवू नका म्हणालो, का ते सांगितलं का मी? चूक माझी आहे."

मला पटलं नव्हतं. पण मागे चादरीत भुरी होती, आणि मी मान डोलावली.

बाबा दारातच उभे होते. चादर बघितली आणि त्यांना कळलं.

"मारलीस ना?" ते म्हणाले. "कच्चं घालून घालून मारलीस तिला."

"हो बाबा," धाकटा म्हणाला. "माझंच चुकलं."

त्यानंतरचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. बाबांनी त्याला सोडलं नाही. जेवताना टोमणा, उठता-बसता टोमणा. न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात, जिन्यात भेटेल त्याला सांगायचे की आमच्या शहाण्यानं मुक्या जनावराचा जीव घेतला. धाकटा खाली मान घालून ऐकायचा. त्यानं फ्रीजर विकून टाकला, पातेलं माळ्यावरून काढून स्वतः बाबांच्या हातात दिलं, आणि रोज बिनहाडाचा खिमा आणून द्यायला लागला. ढब्बूचं तिन्ही वेळचं आता बाबाच करणार. बाबा पहाटे उठायला लागले. हात थरथरत होताच, पण आवाज चढला होता, भूक वाढली होती. माझ्या डोळ्यांदेखत बाप फुलत होता आणि भाऊ वाळत होता. मी कुणाची बाजू घेणार? माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या दिवशी लॉन्ड्रीत बॉयलर बंद पडला आणि मी दुपारीच घरी आले. घरभर वास सुटला होता. बाबा गॅसपाशी उभे, ढब्बू त्यांच्या पायात घोटाळत होता. पातेल्यात कोंबडीच्या माना शिजत होत्या.

"हे कुठून आणलं?"

"मी आणलं. चालत गेलो, चालत आलो." छाती फुगवून सांगत होते. "नुसत्या खिम्यात काय जीव असतो? ताकद हाडात. आणि तुला म्हणून सांगतो, भुरीला मी दुपारचं रोज उकळून घालत होतो. हो! मला म्हणे गॅसला हात लावू नका. मी लावला, नाही जळलं घर. माझ्या हातचं खात होती म्हणून तेवढी तरी जगली बिचारी. सकाळ-संध्याकाळचंही मला करू दिलं असतं ना, तर आज..." त्यांनी डाव भरला आणि वाडग्याकडे वळले. "त्या गाढवानं मारली तिला."

ढब्बूनं तोंड पुढे केलं. मी वाडगं लाथेनं उडवलं. ते भिंतीवर आपटलं आणि मी ओरडले, "त्या गाढवानं नाही, तुम्ही मारली! शिजवलेलं हाड फुटलं तिच्या पोटात. डॉक्टरांनी कपची दाखवली आम्हाला. पोरगं तुमच्यासाठी शिव्या खातंय आणि तुम्ही त्याला गावभर बदनाम करत फिरताय!"

बोलून गेले. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

बाबांनी डाव खाली ठेवला. मग गॅस बंद केला. "बरं," म्हणाले.

धाकटा येईपर्यंत ते टेबलापाशी बसून होते. तो आला, माझं तोंड बघितलं आणि समजला. "बाबा, ताई रागात काहीही बोलते. डॉक्टर म्हणाल्या कच्च्यानंच..."

"गप," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही.

त्यांनी पातेलं पुढे ओढलं. थरथरत्या हातानं गार झालेली एक मान काढली, मांस सोलून बाजूला केलं आणि हाड दोन्ही हातांत धरून वाकवलं. ते कटकन तुटलं. तुटलेलं टोक त्यांनी अंगठ्यावर दाबलं. रक्ताचा थेंब आला. धाकट्यानं ते हाड त्यांच्या हातातून काढून घ्यायला बघितलं, पण बाबांनी सोडलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. गॅसला हात का लावायचा नाही ते विचारत होते, की भुरी कशानं गेली ते, कोण जाणे. धाकट्यानं खिशातला रुमाल काढून त्यांच्या अंगठ्यावर धरला.

मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"ती नको म्हणत होती गं," ते म्हणाले. "शेवटी शेवटी दुपारी तोंड फिरवायची. मीच आपला चुचकारून, तोंड उघडून भरवायचो."