धाकटीच्या गोळ्या

दोघी जावांना मधुमेह एकाच वर्षी निघाला, पण त्यातही थोरलीला धाकटीच नशीबवान वाटायची. धाकटी शाळेत शिकवायची, वेळेवर जेवायची, आणि तिची साखर मुकाट तिचं ऐकायची. थोरली कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. सारखं उठावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही.

एकदा दोघींनाही लघवीला जळजळ सुरू झाली. धाकटीने डॉक्टरांना दाखवलं, लघवी तपासून घेतली, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून आणल्या. तिसऱ्या दिवशी बाई गुणगुणत भाजी चिरत होत्या! थोरलीच्या पोटात दुखलं, आणि ते नुसतं आजाराचं नव्हतं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. धाकटीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून औषधवाल्याकडून त्याच गोळ्या आणल्या. याआधीही वर्षभरात तिने तीनदा अशाच परस्पर गोळ्या आणल्या होत्या, जरा बरं वाटलं की बंद. या वेळी मात्र काही फरक पडेना. चौथ्या दिवशी मशीनवरच तिला हुडहुडी भरली. कॉलर उलटी शिवली गेली, तेव्हा मैत्रिणींनी तिला उचलून रुग्णालयात नेलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई तपासणीचा कागद घेऊन आल्या. "या जंतूंना बहुतेक औषधं लागूच पडत नाहीयेत. आधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?"

उशाशी धाकटी बसली होती. जागरणातही केस नीटनेटके.

"हिला आधी बाहेर पाठवा," थोरली म्हणाली.

धाकटी उठून बाहेर गेली. मग थोरलीने सगळं सांगून टाकलं.

"अहो, पण घरात लपवलंत कशाला?"

"तिला तीन दिवसांत बरं वाटलं. तिच्यासमोर कण्हायचं माझ्या जिवावर आलं."

दाराशी धाकटी उभी होती. "ताई, मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"नाही गं. तू धावत आली असतीस. तेच तर बघवत नाही मला!"

धाकटीला हसू फुटलं, मग डोळे भरून आले.

शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. दहा दिवस धाकटी शाळा सुटली की डबा घेऊन यायची. ताप उतरला, जंतू गेले. घरी जायच्या दिवशी नर्स म्हणाली, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं हं."

"लागतं खरं," थोरली म्हणाली. मनातून ती पुन्हा एकदा जळलीच, पण पिशवी धाकटीच्या हातात देऊन तिच्या खांद्याचा आधार घेत जिना उतरली.